आरएक्स १०० देऊन टाकतोय, लेकीसाठी. ज्यांनी असं केलंय त्यांच्याशी बोलायचंय

उद्यमनगरकर

नमस्कार मंडळी. मी इथं एरवी प्लग, कार्ब्युरेटर आणि घाटरस्त्यांच्या धाग्यांवरच लिहितो. आज वेगळं लिहितोय, जरा लांबेल.

गाडी १९९४ ची, काळी, यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल. २००७ मध्ये गडहिंग्लजच्या एका निवृत्त मास्तरांकडून १८,००० रुपयांना घेतली. शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला लागून मला वर्षही झालं नव्हतं. बोनस आणि आईच्या भिशीचे पैसे मिळून ती रक्कम जमली होती. तेव्हापासून इंजिन दोनदा खोललं, एकदा बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवला. पॉइंटचा गॅप, मिकुनी कार्ब्युरेटरची सेटिंग, सायलेन्सरच्या आतल्या नळीतला कार्बन जाळणं, सगळं घराच्या दारात स्वतःच्या हातानं केलंय. ९८ सीसी, अकरा हॉर्सपॉवर, वजन जेमतेम शंभर किलो. आकडे ऐकून आजच्या पोरांना काही वाटत नाही. पण गगनबावड्याला जिथं रस्ता फुटतो, एक करूळ घाटानं वैभववाडीकडं आणि एक भुईबावडा घाटानं खारेपाटणकडं, तिथून भुईबावड्यात गाडी तिसऱ्या गिअरवर सोडली की पहिल्या दोन वळणांत आठवड्याच्या तिन्ही पाळ्यांचा शीण उतरायचा. दरीतल्या धुक्यात टू-टी ऑइलचा वास मागं रेंगाळायचा. मला तो वास देवघरातल्या धुपासारखा वाटतो, आता काय सांगू.

लेक आता सात वर्षांची होईल, दुसरीत आहे.

मला वहीत लिहायची सवय आहे. प्रत्येक फेरीचे किलोमीटर, किती पेट्रोल, कुठला प्लग, सगळं. मागच्या महिन्यात वही चाळताना सहज मोजलं. लेक जन्मल्यापासून ३६० च्या आसपास रविवार झाले. त्यातल्या २११ रविवारांची वहीत नोंद आहे. म्हणजे त्या २११ दिवशी मी पहाटे साडेपाचला बाहेर पडलो आणि दिवेलागणीला परत आलो. शिवाय शनिवारची संध्याकाळ गाडीच्या तयारीत जायची आणि रविवारची रात्र ती धुण्यात. आठवडाभर पाळ्या. पहिली पाळी असली की ती उठायच्या आत मी बाहेर, दुसरी असली की मी यायच्या आत ती झोपलेली.

वही मोजायची वेळ का आली ते सांगतो. जूनमधल्या एका रविवारी तिचा पहिला दात पडला. मी तेव्हा फोंडा घाटात होतो. आजीनं तिला सांगितलं होतं की पडलेला दात कौलावर टाकायचा असतो. तिला तो माझ्याबरोबर टाकायचा होता. मी रात्री आठला आलो, चिखलानं गाडी भरलेली, आधी गाडीला पाणी मारत बसलो. लेक वाट बघून झोपली. सोमवारपासून माझी दुसरी पाळी. गुरुवारी दुपारी मी ऑइलची बाटली घ्यायला दारामागच्या फळीवर हात घातला, तर बाटलीला टेकवून एक काडेपेटी ठेवलेली. आत कापसात दात.

बायकोला विचारलं, इथं कुणी ठेवला? ती म्हणाली, तिनंच. म्हणाली पप्पा तिथं रोज बघतात.

मी त्या फळीसमोर बराच वेळ उभा राहिलो. कामाला पाऊण तास उशीर झाला त्या दिवशी.

तर गाडी विकायची हे ठरलंय. ठेवून कमी चालवायचा प्रयत्न करून झालाय, दोन वर्षांपूर्वी सहा महिने. दारात उभी असली की हात जातोच. ग्रुपचा फोन येतोच. माझा स्वभाव मला माहीत आहे. विकू की नको हे मी विचारत नाही. ज्यांनी असं केलंय त्यांनी एवढंच सांगा, नंतर काय होतं? पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला जाग आल्यावर तुम्ही काय केलंत?

सह्यभटक्या

भाऊ, काडेपेटीपाशी थांबलो. पुढचं दुसऱ्यांदा वाचायला घेतलं तेव्हा वाचता आलं. एकच सुचवतो, लेकीलाच मागं बसवून न्या की. सात वर्षांची आहे म्हणजे बसू शकते. दोन्ही जमेल.

नमुना_२९

सह्यभटक्या, नियम माहीत असावा म्हणून लिहितो. चार वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १२९. चार वर्षांच्या आतल्या मुलांसाठी केंद्रानं फेब्रुवारी २०२२ मध्ये वेगळा नियम काढला, तो फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. मुलाला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला मापाचं हेल्मेट आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. या मुलीला पट्ट्याचा नियम लागत नाही, पण मापाचं हेल्मेट हवंच. मोठ्यांचं हेल्मेट लहान डोक्यावर गरागरा फिरतं, त्याचा उपयोग शून्य. आणि पाय फूटरेस्टला पुरत नसतील तर घाटात नेऊ नये, हे माझं स्वतःचं मत.

उद्यमनगरकर

नेऊन बघितलंय दादा. गेल्या वर्षी पन्हाळ्याला, वीसच किलोमीटर. जाताना आनंदात होती. येताना वाघबीळला माझ्या पाठीवर तिचं डोकं टेकलं आणि मला कळलं की ती झोपलीय. अंगावर काटा आला. गाडी कडेला घेतली, तिला मांडीवर घेऊन बसलो आणि भावाला फोन करून चारचाकी बोलावली. त्यानंतर नाही नेलं. तिला रस्ता आवडत नाही असं नाही, पण चार तास मागं बसून राहणं हे तिचं सुख नाही, माझं आहे. आणि मागं बसवलेल्या पोरीशी बोलता येत नाही. दोघांची तोंडं एकाच दिशेला, मध्ये इंजिन.

पट्टणकोडोली

लै वाईट वाटलं भावा गाडीचं. पण बरोबर आहे तुझं.

जुना_फिटर

मला पटलेलं नाही, स्पष्टच लिहितो. राग मानू नका.

माझ्याकडे १९८८ ची बुलेट आहे, कास्ट आयर्न इंजिन, गिअर उजव्या पायाला. मुलगा नऊ वर्षांचा असताना मीही याच ठिकाणी उभा होतो. मी गाडी विकली नाही, लांबच्या फेऱ्या बंद केल्या. रविवारी सकाळी दोघं मिळून दारात गाडी खोलायचो. आधी त्याचं काम फक्त नट-बोल्ट डब्यात लावून ठेवायचं. मग रॉकेलमध्ये कार्ब्युरेटर धुणं. डिकॉम्प्रेशन कशासाठी असतं, अँमीटरचा काटा मधोमध आल्यावरच किक का मारायची, हे त्याला दहाव्या वर्षी समजत होतं. आज तो पॉलिटेक्निकला आहे आणि माझ्यापेक्षा चांगला कान आहे त्याचा. मुलांना वेळ द्यायचा म्हणजे आपल्याला जे येतं ते बाजूला ठेवून द्यायचा असं कुठं आहे? बापाचा जीव कशात आहे हे पोराला दिसायला हवं. तुम्ही गाडी नाही, त्या मुलीला शिकवता आलं असतं ते सगळं विकताय.

शिवाय आज आरएक्स गेली की परत मिळणार नाही. १९९६ ला बंद झाली. आता चांगल्या गाडीचे लोक लाखाच्या वर सांगतात आणि त्यातल्या निम्म्या गाड्यांचे पार्ट इकडून तिकडून जोडलेले असतात. तुमच्यासारखी एका हातानं सांभाळलेली गाडी विकल्यावर पाच वर्षांनी रडाल.

उद्यमनगरकर

फिटर काका, राग कसला. तुमचा प्रतिसाद वाचून मी दोन दिवस थांबलो, म्हणून उत्तराला उशीर.

तुमच्या मुलाला त्यात गोडी होती. माझ्या लेकीला मी बसवून बघितलं. ती पाच मिनिटं पाना धरते, मग तिला मुंगळे दिसतात. तिला पाणी, किडे आणि प्रश्न लागतात. मी तिच्या बाजूला बसून गाडीचं काम करत राहिलो असतो तर मी गाडीबरोबर असतो आणि ती माझ्या जवळपास असती. हे मी सात वर्षं केलंय. विकल्यावर रडेन हे मात्र खरं आहे. ते मी धरूनच चाललोय.

गौरी_सांगली

मी गाड्यांची माणूस नाही. पहिल्या पानावर धागा दिसला म्हणून वाचला. तुमच्या लिहिण्यात कळकळ आहे, म्हणूनच विचारते.

त्या २११ रविवारी घरी कोण होतं? तुमच्या वहीत नोंद नाही, पण त्याच २११ रविवारी तुमची बायको घरी होती. सकाळचा नाश्ता, मुलीची अंघोळ, केस, गृहपाठ, सासूबाई, दुपारचं, संध्याकाळचं. दात पडला तेव्हा कापूस तिनं दिला असणार. तिनं काय काय सोडलं याचा धागा कुणी काढत नाही, कारण ते सोडताना दारात काही उभं नव्हतं, कुणी विकत घ्यायला आलं नाही आणि त्याला किंमतही आली नाही. तुमचा निर्णय चांगला आहे. पण रविवार परत मिळतोय तो फक्त मुलीला मिळू नये असं वाटतं.

मीनल_रा

गौरीताई, +१. अगदी हेच मनात आलं होतं.

उद्यमनगरकर

ताई, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. रात्री हा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, हसली फक्त. मग मीच आठवत बसलो. लग्नात तिनं माहेराहून पेटी आणली होती. हार्मोनियम. लग्नाआधी तिच्या दोन परीक्षा झालेल्या होत्या. लेक झाल्यावर पेटी पोटमाळ्यावर गेली ती गेलीच. काल काढून बघितली. भात्याचं कातडं फाटलंय आणि चार सूर उठत नाहीत. सात वर्षं माझ्या डोक्यावर, त्याच दाराच्या वर ती होती आणि मी खाली गाडीचा चोक दुरुस्त करत होतो. याच्यापुढं आज मला लिहिता येत नाही.

म्हैसूरची_येझदी

मी आता सत्तरीत आहे, इचलकरंजी. माझ्याकडे येझदी होती, म्हैसूरच्या आयडियल जावाची. किकची दांडी आणि गिअरची दांडी एकच, आत दाबून वर फिरवली की किक, खाली घेतली की गिअर. नवीन माणूस हमखास चुकायचा. दोन सायलेन्सर, आणि त्यांचा आवाज. ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको.

तुम्ही विचारलंय, नंतर काय होतं. माझ्याबाबतीत काय झालं ते सांगतो. थोरला मुलगा आठ वर्षांचा असताना, १९८९ मध्ये, मी येझदी विकली. कारण तुमच्यासारखंच. पहिले तीन-चार रविवार मुलांबरोबर पंचगंगेवर गेलो, पोहायला शिकवायला सुरुवात केली. मग आमच्या पतसंस्थेची निवडणूक लागली. लोक म्हणाले उभे राहा, तुम्हाला आता वेळ असतो. उभा राहिलो, निवडून आलो. त्यानंतर अकरा वर्षं माझे रविवार मीटिंगांना, वसुलीला, लोकांच्या लग्नांना गेले. थोरल्याला पोहायला शेवटी त्याच्या मामानं शिकवलं. मुलांनी कधी तक्रार केली नाही. आज दोघेही प्रेमानं वागतात. पण मी सांगतो, रिकामी झालेली जागा दारात फार दिवस रिकामी राहत नाही. गाडी जाताना ती जागा कुणाची आहे ते घरात सगळ्यांना मोठ्यानं सांगून ठेवा. ग्रुपला सांगा, कंपनीत सांगा, भावाला सांगा. रविवारी ओव्हरटाइम मिळतो तो आधी नाकारा. ती पहिली परीक्षा असेल.

उद्यमनगरकर

काका, नमस्कार करतो तुम्हाला. ओव्हरटाइमचं तुम्ही कसं ओळखलंत? परवाच सुपरवायझरनं विचारलं. मी "बघतो" म्हणालो होतो. आज जाऊन नाही म्हणून आलो.

ओंजळ

मी कधी लिहीत नाही इथे, वाचते फक्त. पण हे तुम्ही गाडी विकायच्या आत तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून लिहितेय.

माझ्या वडिलांकडे राजदूत ३५० होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ती म्हणजे यामाहाची आरडी ३५०, जुळ्या सिलिंडरची. इथे १९८३ पासून काही वर्षंच निघाली. पेट्रोल फार प्यायची म्हणून तेव्हा लोकांनी नाकारली आणि आता तिच्यासाठी वेडे होतात. मी झाले आणि दोन वर्षांत वडिलांनी ती विकली. माझ्यासाठी. ही गोष्ट मला किती वर्षांची असताना पहिल्यांदा सांगितली ते आठवत नाही, कारण ती मला कायमच माहीत होती. पाहुणे आले की सांगायचे. रस्त्यानं तशी गाडी गेली की सांगायचे. मला बारावीला कमी मार्क पडले त्या दिवशीही ते गाडीबद्दल बोलले. ओरडून नव्हे, हळू आवाजात, खिडकीतून बाहेर बघत.

ते खूप प्रेमळ होते. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मी लहानपणभर एका गाडीची भरपाई करत होते. तिच्याइतकं आपण चांगलं असायला हवं, असं वाटायचं. ती किती सुंदर होती ते मला फोटोत दिसत होतं ना.

वडील गेले त्याच्या आधी एकदा मी त्यांना विचारलं, तुम्हाला खरंच परत हवी होती का ती? ते चकित झाले. म्हणाले, अगं, मी तर अभिमानानं सांगायचो, बघा मी माझ्या लेकीवर किती प्रेम करतो म्हणून. आम्ही दोघं एकच वाक्य तीस वर्षं वेगवेगळं ऐकत होतो.

विका गाडी. पण तुझ्यासाठी विकली असं तिला कधी सांगू नका. आजही नाही, तिच्या लग्नातही नाही. घरात आणि भावकीत कुणालाही सांगू देऊ नका.

गौरी_सांगली

ओंजळ, काय लिहिलंत. निःशब्द.

जुना_फिटर

ओंजळताई, माझ्या वरच्या प्रतिसादात मी "रडाल" लिहिलंय. ते रडणं कुणाच्या अंगावर पडतं हा विचार मी केला नव्हता. धन्यवाद.

उद्यमनगरकर

ताई, खरं सांगतो. पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे. त्या दिवशी तिला जवळ बसवून हेच सांगायचं मी ठरवलं होतं. मनातल्या मनात वाक्यंही जुळवली होती. नाही सांगणार. आईला आणि भावालाही बजावलंय.

सह्यभटक्या

सगळे मोठे विषय चाललेत, मध्येच एक विचारतो. त्या दाताचं काय झालं?

उद्यमनगरकर

त्याच गुरुवारी रात्री बारा वाजता मी पाळीवरून आलो तर ती जागी होती. आजीनं झोपू दिलं नव्हतं की तिनं आजीला, माहीत नाही. अंगणात गेलो. आमचं पुढचं घर स्लॅबचं आहे, कौलं फक्त मागच्या न्हाणीवर. तिला खांद्यावर घेतलं. पहिल्यांदा टाकला तो घरंगळून खाली आला, बॅटरी लावून शोधला. दुसऱ्यांदा राहिला.

नमुना_२९

विक्रीचं नीट करा, नाहीतर चांगल्या कामाला पुढं त्रास होतो. मी यातच काम करतो, म्हणून जरा विस्तारानं.

गाडी १९९४ ची म्हणजे पंधरा वर्षांनी, २००९ ला, पहिलं पुनर्नोंदणी नूतनीकरण आणि मग दर पाच वर्षांनी. २०२४ चं झालंय का बघा. झालं नसेल तर आधी ते, पर्यावरण करासकट. मग मालकी बदलाचे फॉर्म, नमुना २९ दोन प्रतींत आणि नमुना ३०, दोघांच्या सह्या. आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, चेसिस नंबरचा पेन्सिलीनं घेतलेला ठसा. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर भरायचा. गाडी दुसऱ्या राज्यात चालली असेल तर नमुना २८, ना हरकत प्रमाणपत्र. बेळगाव-निपाणीकडचे ग्राहक कोल्हापूरकरांना बरेच येतात, म्हणून सांगतो.

"नंतर करून घेतो" म्हणणाऱ्याला सहीचे कोरे फॉर्म देऊन गाडी सोडू नका. नोंदणीवर नाव तुमचं असेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे अगदी स्पष्ट केलंय. गाडी तीन-चार हातांतून पुढं गेली आणि अपघात झाला, तरी नुकसानभरपाई नोंदणीकृत मालकाच्या अंगावर येऊ शकते. विमाही चौदा दिवसांत नव्या मालकाच्या नावावर करायला सांगा.

पट्टणकोडोली

हे वरचं कुठंतरी कायमचं वर चिकटवून ठेवा. माझा मेहुणा असाच अडकलाय.

मीनल_रा

काही पत्ता? गाडी गेली का?

उद्यमनगरकर (सात आठवड्यांनी)

उशिराबद्दल माफ करा. लिहायला बसायचो आणि उठायचो.

गाडी गेली. हुपरीचा एक पोरगा आहे, चांदीच्या कामातला, चोवीस-पंचवीसचा. दोघंतिघं लाखाच्या वर द्यायला तयार होते, पण ते गाडी काचेच्या मागं ठेवणारे होते. याला मी ८५,००० ला दिली. त्यानं गाडीवर हात ठेवला तो आधी टाकीवर नाही, सिलिंडरच्या पात्यांवर ठेवला, गरम आहे का बघायला. मग मी बाकी काही विचारलं नाही. २०२४ चं नूतनीकरण झालेलं होतं. नमुना_२९ दादांनी सांगितल्याप्रमाणे सगळं केलं, आरसीवर त्याचं नाव आल्याचा मेसेज आला तेव्हाच चावी दिली. वहीसुद्धा दिली. सतरा वर्षांची नोंद आहे त्यात, त्याला उपयोगी पडेल. देताना २११ चा हिशेब लिहिलेलं शेवटचं पान तेवढं काढून घेतलं.

पैशातून पहिलं काम पेटीचं. मिरजेला नेऊन भाता बदलला, सूर लावून आणले. रविवारी सकाळी सात ते नऊ बायको पेटीवर बसते. त्या वेळी चहा, पोहे आणि लेकीची वेणी माझ्याकडं. वेणीला अजून वेळ लागतो. गौरीताई, तुमचं नाव आमच्या घरात आता रोज निघतं.

आता रविवारचं खरं सांगतो, कारण मी तेच विचारलं होतं. पहिल्या रविवारी पहाटे साडेपाचला जाग आली. अंगणात जाऊन उभा राहिलो. फरशीवर ऑइलचा डाग होता, गाडीच्या स्टँडखालचा. घासून बघितला, निघाला नाही. लेक आठला उठली आणि मला घरात बघून तिनं विचारलं, "तुम्हाला बरं नाही का?" मी म्हणालो बरं आहे. ती म्हणाली मग ठीक, आणि शेजारच्या मैत्रिणीकडं खेळायला गेली ती एकलाच आली. पुढच्या रविवारीही तसंच. तिचे रविवार आधीच भरलेले होते, माझ्यावाचून. मी दारात बसून राहिलो. त्या दोन दिवसांत मला गाडीची जेवढी आठवण आली तेवढी नंतर कधी आली नाही. पण बसून राहिलो. येझदी काकांचं वाक्य डोक्यात होतं.

तिसऱ्या रविवारी तिनंच विचारलं, "आज काय करूया?"

एसटीनं राधानगरीला गेलो, चौघंही, आईला घेऊन. बायकोचं अर्धं तिकीट, लेकीचंही अर्धं. खिडकीशी ती, शेजारी मी. या रस्त्याचं प्रत्येक वळण मला पाठ आहे असं वाटायचं. पण एसटीच्या खिडकीतून उसाच्या मागची घरं दिसतात, ती मी कधी बघितलीच नव्हती. श्रावणातला पाऊस, धरण भरलेलं, स्वयंचलित दरवाज्यांपैकी दोन उघडलेले. शाहू महाराजांनी धरणाचं काम १९०८ च्या सुमाराला सुरू केलं, इतपत मला माहीत होतं. पण लेकीनं विचारलं, "दरवाजा कोण उघडतं?" मी म्हणालो कुणीच नाही, पाणी ठरलेल्या पातळीला आलं की त्याच्या दाबानं आपोआप उघडतो आणि पातळी उतरली की मिटतो. मग तिचं सुरू झालं. पाण्याला कसं कळतं? रात्री पण? सगळे एकदम उघडले तर आपल्या पंचगंगेत किती येईल? मला जेवढं येत होतं तेवढं सांगितलं. मशीन शॉपला काउंटरवेट रोज बघतो, ते उपयोगी पडलं. घरी येऊन प्लॅस्टिकचा डबा, खिळा आणि दोरा घेऊन एक दरवाजा करायला बसलोय. तीन रविवार झाले, गळतोय अजून.

गाडी गेली त्या दिवशीचं राहिलं. ओंजळताई, तिनं विचारलंच, गाडी का दिली? मी म्हणालो, "मला आता रविवारी घरी राहावंसं वाटतं. गाडी उभी राहून खराब झाली असती, म्हणून ज्याला फिरायचंय त्याला दिली." हे खोटं नाही. ती रागावली. मला विचारलं का नाहीत म्हणाली. दोन दिवस नीट बोलली नाही. तिलाही ती गाडी आवडत होती हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी तिला सगळं समजावत बसलो नाही. राग येऊ दिला.

मागच्या बुधवारी संध्याकाळी हुपरीच्या पोराचा फोन आला. पावसात गाडी चार दिवस उभी होती, चालूच होईना, पंधरा-वीस किका मारून झाल्या. माझे हात कणकेत होते, म्हणून फोन लेकीनं उचलून स्पीकरवर टाकला. मी तोंड उघडायच्या आत तिनं सांगितलं, "काका, आधी चावी लावू नका. पेट्रोलचा कॉक उघडा, चोक ओढा आणि नुसत्या दोन किका हळू मारा. मग चावी लावून एक जोरात."

तिला हे मी कधी शिकवलेलं नाही. पलीकडून पहिल्या किकला आवाज आला. तिनं फोन कानाला लावला आणि गाडी गिअरमध्ये पडून लांब जाईपर्यंत तसाच धरून ठेवला.